विभावरीच्या लपवलेल्या पुड्या

दुबईजवळच्या अजमानमध्ये राहणाऱ्या विभावरीने आजवर कुणावर म्हणून पुरता विश्वास टाकला नव्हता. दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचूनही ती झाकण उघडून वास घ्यायची. अशा बाईवर एकोणचाळिसाव्या वर्षी दोन-दोन डॉक्टरांच्या हवाली व्हायची वेळ आली, म्हणजे बघा!

हॉस्पिटलातल्या डॉ. मुनिबांनी स्पष्टच सांगितलं होतं, स्त्रीबीजांचा साठा संपत आलाय. इंजेक्शनं घेऊन मिळेल तेवढं बीज मिळवायचं. दुसऱ्या बाईचं बीज या देशात चालत नाही, तेव्हा मूल हवं तर संधी हीच. मग एका मैत्रिणीने तिला दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या चिनी डॉक्टर लिनबाईंकडे धाडलं. त्यांनी सुया टोचल्या, गरम पाण्यातून घ्यायच्या कडूजहर पुड्या दिल्या आणि बजावलं, "इंजेक्शन स्टार्ट, पुडी खलास." मुनिबाही तेच म्हणाल्या.

दोघींचं एकमत? विभावरीच्या मनात पाल चुकचुकली. दोन वैद्यांचं कधी पटलंय? आतून साटंलोटं असणार. पुडीने गुण आला तर इंजेक्शनांना कोण विचारील! इंजेक्शनं सुरू झाली तरी ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून गुपचूप पुडी घेतच राहिली.

संशयाचा पुढचा मानकरी नवरा, सुजीत. पुण्याहून त्याच्या आईने, कुंदाताईंनी, अश्वगंधा घातलेले लाडू पाठवले होते.

"आईंना सांगितलंस ना माझं?"

"नाही गं. लाडू माझ्यासाठी आहेत, जनरल हेल्थ म्हणून," म्हणत सुजीत तोंड वाकडं करून रोज लाडू खाई. चोराच्या मनात चांदणं, असं विभावरीने ठरवूनच टाकलं.

शनिवारी तो भाजी आणायला खाली गेला आणि कुंदाताईंचा व्हिडिओ कॉल आला. विभावरी टोमणा झेलायच्या तयारीत होती.

"विभा, तो नाही ना जवळ? दोष त्याच्यात आहे, सांगितलंय त्याने मला." कुंदाताई स्क्रीनजवळ सरकल्या. "तुला मुलांची किती हौस, ठाऊक आहे गं. पण त्याला सोडून जाऊ नकोस हो."

विभावरीला सगळा उलगडा झाला. तिचं दुखणं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि ती त्याच्यावरच संशय घेत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आई, दोष त्याच्यात नाही. माझ्यात आहे."

कुंदाताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "बरं. जेवलीस का?"

सुजीत पिशव्या घेऊन आत आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"डॉक्टरांना फोन लाव. मी अजून चिनी पुड्या घेतेय, चोरून."

सुजीतचा चेहरा उतरला. आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. त्याने पिशव्या खाली ठेवल्या आणि नंबर लावला.

"या खेपेचं सगळं फुकट गेलं असेल तर?"

"गेलं तर गेलं. तू काही लपवू नकोस, बस." त्याने फोन तिच्या हातात दिला.

पलीकडून मुनिबांचा आवाज आला, आणि विभावरी रडत रडत सगळं सांगू लागली.