पाय टेकावेत म्हणून

आमचे हे उंचीने कमी. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, वाटलं ते त्यांनाच. मुलाने हौसेने मोठी मोटारसायकल घेऊन दिली, पण तिच्यावर बसले की ह्यांचे नुसते चवडेच जमिनीला लागायचे. एरवी निभावून जायचं. पण दिघीच्या जेटीवर गाडी फेरीबोटीत चढवायची म्हणजे शेवाळलेला उतार, आणि एकदा तिथेच गाडी आडवी झाली. वाडीतल्या सुपाऱ्यांचं पोतं फुटून सगळा माल पाण्यात. बोटीवरचे लोक खो खो हसले.

दुसऱ्याच दिवशी हे बोर्लीला मेकॅनिककडे जाऊन गाडी पुढून खाली करून आले. म्हणजे काय, तर पुढचे दोन्ही शॉकअप हँडलजवळच्या पकडीत ढिले करून वर सरकवले आणि पुन्हा आवळले. गाडीचं नाक खाली आलं, ह्यांचे पाय टेकले. जेटीवर ये-जा करणारे आमच्याकडचे बरेच जण असं करून घेतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मागे बसायची ती मी! अहो, ही आमची पहिली गाडी वाटतच नव्हती. सरळ रस्त्यावर जरा वेग घेतला की हँडल थरथरायचं, ते ह्यांच्या खांद्यांतून माझ्या हाताला कळायचं. वळणावर तर गाडी एकदम आत पडायची. मी जीव मुठीत धरून बसायची. शेवटी बाजाराच्या दिवशी मीच मेकॅनिकला गाठलं. तो म्हणाला, "काकी, शॉकअप तिरके असतात म्हणून चाक हँडलच्या मागे ओढल्यासारखं येतं, आपोआप सरळ राहतं. नाक खाली आणलं की ते उभे होतात, मग गाडी चटकन वळते, पण बिथरतेपण चटकन."

"मग केलंस कशाला, मेल्या?"

"काकांनी सांगितलं म्हणून."

कपाळ माझं! घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. "काय न्हाय होत," हे म्हणाले. "तू मागं बसणारी, तुला काय कळतंय?" मागे बसते म्हणूनच कळतं ना! पण नाही. रोज सांगायचं, रोज भांडण. दिवसभर बायकोची बोलणी खाल्ली तरी चालतील, पण जेटीवर पुन्हा चवड्यांवर उभं राहायचं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. दिवेआगरला घरी परत येताना वळणावर खड्डा आला, ह्यांनी पुढचा ब्रेक दाबला, आधीच खाली असलेलं नाक आणखी खाली गेलं, हँडल फडफडलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर. ह्यांना खरचटलं. माझं मनगट मोडलं. बघायला येईल त्याला हे सांगत, "ही मागं हलली." मी हलले? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात गळ्यात बांधलेला, नाहीतर लाटणंच घेतलं असतं.

आमच्याकडे पर्यटकांची राहायची-जेवायची सोय आहे. पुण्याचा एक मुलगा स्वतःच्या गाडीवर आला होता. चहा पिता पिता ह्यांच्या गाडीकडे बघून म्हणाला, "काका, पुढून इतकी खाली का? वळताना आत पडत असेल." बस, एवढंच. त्याच दुपारी हे बोर्लीला जाऊन शॉकअप होते तसे करून आले.

संध्याकाळी मी डाव्या हाताने कशीबशी भाकरी थापत होते. हे समोर बसून मलाच समजावायला लागले, की शॉकअप तिरके का असतात, चाक सरळ कसं राहतं. "पोरगा लई हुशार. नुसतं बघून ओळखलं."

"आणि मी इतके दिवस काय बोंबलत होते?"

"तू बोंबलतच होतीस," हे म्हणाले. "त्यानं नीट सांगितलं."

प्लास्टर काढायला मी एसटीने गेले. हे गाडी घेऊन मागून आले.