चातुर्मासातला लसणाचा वास

माझ्या थोरल्या जाऊबाई, चंद्रप्रभावहिनी, यांना आयुष्यात एक गोष्ट कधी जमली नाही: कुणाला एकच वाढणं. एक पोळी वाढली की मागून दुसरी आलीच, आणि नको म्हणणाऱ्याचा त्यांना मनापासून राग यायचा. लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीला, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा शेजारी एक घर तमिळ, एक बंगाली आणि समोर गढवाली. कुणाची भाषा कुणाला कळेना. वहिनींनी सगळ्यांना खायला घातलं आणि प्रश्न निकालात काढला. माझे दीर अण्णासाहेब सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर झाले, पण कॉलनीत त्यांची ओळख पुरणपोळीवाल्या बाईंचे मिस्टर एवढीच राहिली. मी देविका, धाकटी जाऊ. माझी जीभ तिखट आहे असं घरात म्हणतात. वहिनींच्या हातचं खाऊन मी बरणीसारखी झाले, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अण्णासाहेब गेल्यावर वहिनी दिल्लीतल्याच द्वारकेत मुलाकडे, जयदीपकडे राहायला आल्या. आमची सोसायटी तीच, फक्त टॉवर वेगळा. जयदीप सकाळी गुरुग्रामला पळतो, सून अपूर्वा नोएडाला. दुसरीत जाणारी नात मैत्रेयी दिवसभर आजीच्या हाती. म्हणजे खाऊ घालायला आजीला एक हक्काचं माणूस मिळालं.

वहिनींचे उपास भरपूर. चातुर्मासात तर एक वेळच जेवण, सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि कांदा-लसूण घराच्या उंबऱ्याच्या आत नाही. त्यांना थायरॉइडचा त्रास, शिवाय अलीकडे शेंगदाण्याने पित्त व्हायला लागलेलं. आता आपल्या लोकांचा उपास दाण्याच्या कुटाशिवाय कसा व्हायचा? खिचडीत कूट, भगरीच्या आमटीत कूट, रताळ्याच्या किसात कूट. वहिनी कष्टी झाल्या.

तेवढ्यात अपूर्वाने ब्राझील नट्सचं पाकीट आणलं. काजूपेक्षा मोठे, तीन कडांचे, चवीला खोबऱ्याच्या जवळचे. ती म्हणाली, "आई, यात सेलेनियम असतं. थायरॉइडला बेस्ट. रोज एक खा. मॅक्सिमम दोन, बस."

वहिनींनी एक खाल्ला. पित्त झालं नाही. झाडाचं फळ, म्हणजे उपासाला चालणार हे उघडच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खं पाकीट मंद आचेवर भाजलं आणि मिक्सरला लावलं. आषाढी एकादशीची खिचडी मीही खाल्ली. खरं सांगते, फार सुरेख झाली होती. पुढे वहिनी स्वतःच मार्केटमधून ते दाणे आणवू लागल्या. उपासाच्या दिवशी कूट, बिनउपासाच्या दिवशी गूळ घालून लाडू. अपूर्वाने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, चांगली वस्तू आहे ना? मग हात कशाला आखडायचा?" मला गोड बंद, म्हणून मी लाडवांतून वाचले.

श्रावणात वास यायला लागला. मंडळाच्या भजनाला वहिनी माझ्या शेजारी बसल्या आणि तोंड उघडलं की लसूण. साधासुधा नाही, चांगला ठेचलेला. पलीकडच्या बाईने माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मला हसू आवरेना. येताना म्हटलं, "वहिनी, चोरून खायचीच तर चटणी मलाही बोलवून खायची."

त्या रागावल्या नाहीत. तिथेच मला जरा विचित्र वाटलं होतं. नुसतं म्हणाल्या, "मी लसणाला हात लावलेला नाही, देविका. दात घासून घासून हिरड्या सोलवटल्या. तो वास आतून येतोय."

गणपतीत त्या डोक्यावर पदर घेऊन वावरायला लागल्या. उकड मळताना पदर सरकला आणि मी पाहिलं. भांग होता तिथे रुपयाएवढी मोकळी जागा होती, कानामागे आणखी एक. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी पिठाच्या हातांनीच पदर ओढून घेतला.

त्या दिवशी माझी तिखट जीभ टाळ्याला चिकटली. वहिनींची मोठी बहीण शेवंता कराडला कॅन्सरने गेली होती, आणि शेवटी तिच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता. ते केस औषधांनी गेले होते हे मला माहीत होतं. वहिनींच्या मनात मात्र केस जाणं आणि शेवंताचं जाणं एकच होऊन बसलं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाल्या, "नाव घेतलं की ते घरात येतं. दिवाळी होऊ दे." मला शपथ घातली, जयदीपला सांगायचं नाही. मी मूर्खासारखी पाळली.

त्यांनी आपल्या मनाने उपाय सुरू केला. केमिस्टकडून केसांच्या गोळ्या आणल्या, सकाळ-संध्याकाळ घेऊ लागल्या. अंगात ताकद नाही म्हणून लाडू वाढवले. केस आणखी गेले. नखांवर पांढरे आडवे पट्टे आले, पायाला मुंग्या येऊ लागल्या. नवरात्रात नारळ सोलताना त्यांच्या अंगठ्याचं नख उचकटून शेंडीतच अडकून राहिलं. रक्त फारसं आलंच नाही. वहिनी त्या नखाकडे बघत राहिल्या. मी घाबरट बाई नाही, पण ते नख मला आजही डोळे मिटले की दिसतं.

तरीही त्या हलल्या नसत्या. त्यांना हलवलं मैत्रेयीने.

शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा अपूर्वा तिची वेणी घालत होती. मैत्रेयीने फणी हातात घेतली आणि आजीला दाखवली. "आजी, बघ ना, माझे बाल किती पडतात. स्कूलमध्ये पण पडतात." फणीत केसांचा गुंतवळ होता. अपूर्वा म्हणाली, "वेदर चेंज असेल." पण बोलताना तिचा हात लेकीच्या डोक्यावरून फिरत होता, आणि एका जागी येऊन थांबला.

वहिनी उठून आपल्या खोलीत गेल्या. मी मागून गेले तर कपाटातून साड्या काढून पिशवीत भरत होत्या.

"कुठे निघालात?"

"साताऱ्याला, भावाकडे. शेवंताचं मला आलंय. आता माझ्याकडून पोरीला गेलं." त्यांनी आणखी एक साडी पिशवीत कोंबली. "माझ्या कुशीत झोपते ती. माझ्या ताटात जेवते. माझं ताट वेगळं कर, देविका. तिला माझ्याजवळ येऊ देऊ नकोस."

असं कुणाकडून कुणाला जात नाही, हे मी ओरडून सांगितलं. पण मनातून मलाही खात्री नव्हती. आजीचे केस, नातीचे केस, एकाच घरात. मग काय होतं ते? पाण्यात काही होतं? हवेत? दिल्लीत माणसाने कशाकशाला भ्यायचं? दाराशी मैत्रेयी आली तर वहिनींनी तिला हाताने लांब थांबवलं. त्या बाईने जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी लांब थांबवलं असेल. मी शपथ मोडली आणि बाहेर जाऊन जयदीपला सगळं सांगितलं.

त्याने गाडीची किल्ली घेतली. मुलांच्या डॉक्टरबाई जवळच्याच होत्या, वयस्कर पंजाबी बाई. त्यांनी मैत्रेयीचं डोकं पाहिलं, नखं पाहिली, आ कर म्हणाल्या, आणि मान मागे घेतली.

"बच्ची लहसुन बहुत खाती है क्या?"

"नहीं जी," अपूर्वा म्हणाली. "चातुर्मास है. हमारे घर में जुलै से लहसुन आया ही नहीं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. वहिनी खोलीच्या कोपऱ्यात, नातीपासून शक्य तितक्या लांब बसल्या होत्या. डॉक्टरबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या, पदर बाजूला केला, हात हातात घेऊन नखं उलटसुलट पाहिली. मग विचारलं, या घरात आजी आणि नात असं काय खातात, जे बाकीचे खात नाहीत?

उत्तर वहिनींनीच दिलं, अगदी हळू. "लड्डू."

लाडू कशाचे ते अपूर्वाने सांगितलं. सेलेनियम शरीराला लागतं, डॉक्टरबाईंनी समजावलं. थायरॉइडला लागतं, जस्त लागतं, आयोडीन लागतं, पण सगळं कणभर. फोडणीत हिंग असतो ना, तसं. चिमटीऐवजी वाटीभर घातला तर? जास्त झालं की ते श्वासातून लसणासारखं बाहेर पडतं, आणि केसांवर, नखांवर, नसांवर उतरतं. त्या दाण्यांतलं प्रमाणही सारखं नसतं, एकात थोडं तर दुसऱ्यात कितीतरी पट. केसांच्या गोळ्यांची बाटली जयदीपने फोनवर शोधून दाखवली. त्यातही सेलेनियम होतंच.

"औषध?" जयदीपने विचारलं.

दवा नहीं है, बंद करना है, त्या म्हणाल्या. शरीर आपोआप काढून टाकेल. रक्त तपासू, बाकी काही नाही ना ते पाहू.

दवा नहीं है हे तीन शब्द वहिनींनी ऐकले, पुढचं काही ऐकलंच नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्यांनी देवापुढे काढले. स्वतःबद्दल एकदाही विचारलं नाही. "पोरीच्या नसांना काही होणार नाही ना गं?" एवढंच, पुन्हा पुन्हा. मी नाही म्हणायचे, आणि घरी येऊन रडायचे. मैत्रेयी खेळताना धडपडली तरी आम्ही सगळे उठून उभे राहायचो.

रिपोर्ट आले. दोघींचंही सेलेनियम कितीतरी वाढलेलं, दुसरं काही नाही. मैत्रेयीला फार बाधलेलं नव्हतं, वेळेत आणलंत असं डॉक्टरबाई म्हणाल्या. कॅन्सर नाही हे कळल्यावर जयदीपने आईला मिठी मारली. वहिनी खांबासारख्या उभ्या होत्या. शेवंताचा रोग असता तर देवाने दिला म्हणता आलं असतं. हे त्यांनी स्वतःच्या हाताने, तूप लावून, गोल वळून दिलं होतं. अति तेथे माती ही म्हण माझ्या ओठांवर आली होती. मी गिळली.

लाडवांची बरणी कचऱ्यात गेली. वास ओसरला. थंडीत मैत्रेयीच्या डोक्यावर मऊ बारीक केस आले आणि वहिनींची नवी नखं अर्ध्यापर्यंत चढली. पण वहिनी स्वयंपाकघरात जाईनात. पानं वाढायची तर अपूर्वा वाढायची. आग्रह हा शब्द त्या घरातून निघून गेला. मी मुद्दाम म्हणायचे, "वहिनी, आणखी एक पोळी वाढा ना," तर त्या अपूर्वाकडे बघायच्या.

संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या मी करून नेल्या. इतर वर्षी वहिनी परातभर थापायच्या. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "नातीला तिळगूळ आजीने द्यायचा. मी देणार नाही."

मैत्रेयी हात पुढे करून उभी होती. वहिनींनी एक वडी उचलली आणि त्यांचा हात तिच्या तळव्यावर अधांतरी थांबला.

"आजी," मैत्रेयीने शहाण्यासारखं विचारलं, "एक खाऊ की अर्धी?"

अपूर्वाने तोंड फिरवलं. वहिनींनी वडी मोडली, अर्धी आधी स्वतःच्या तोंडात घातली, सावकाश चावून गिळली. मग तशाच बसून राहिल्या. मैत्रेयीही हात पुढे धरून थांबली, आजीला काही होतंय का ते बघत.