नट घट्ट, पंखा ढिला

कापसावर औषध फवारायला बोरीजवळच्या माळावर छोटं विमान यायचं. एकदा त्याचा पुढचा पंखा बदलावा लागला आणि नव्या, जाड पंख्याला जुने बोल्ट आखूड पडले. माझा कापूस अळी खात होती, म्हणून मीच परभणीहून ट्रॅक्टरचे लांब, भक्कम बोल्ट आणले. गावानं हळदीकुंकू वाहून नारळही फोडला.

विमानाबरोबर आलेला मेकॅनिक, ज्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानं नट पुरता आवळला. मग पातं धरून हलवलं. पंखा किंचित हलला.

"नट तर लय घट्ट हाय की," मी चिडलो.

"बोल्टाचे आटे संपले म्हणून नट थांबलाय, पंख्याला टेकलाच न्हाई. पंखा ढिलाच हाय."

"वायसर टाका अन् जाऊ द्या!"

"ट्रॅक्टर वाटंत थांबवता येतो, भाऊ. ह्याला वर थांबायला जागा न्हाई."

प्रसादाचा तुकडा त्यानं कपाळाला लावला आणि न खाता खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं योग्य मापाचे बोल्ट आले. विमान उडालं तेव्हा सगळं गाव वर बघत होतं. तो मात्र मान खाली घालून नुसता आवाज ऐकत उकिडवा बसला होता.

विमान उतरलं, पंखा थांबला. त्यानं पातं हलवून पाहिलं. ते हललं नाही. तेव्हा कुठं त्यानं खिशातून खोबरं काढलं, फुंकर मारली आणि अर्धं मला दिलं.

"घ्या. आता खा."

ग्रीसचा वास येत होता. इतकं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही.