म्हातारीला स्टेज वन

गाडी जुनी झाली की तिच्यात दोन गोष्टी साठत जातात, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या मी रविवारी काढून टाकते. किस्से काही निघत नाहीत!

मंगळवार पेठेतून मुरगूडच्या शाळेला आम्ही तिघं शिक्षक रोज माझ्या गाडीतून जातो. चालवते मी, सुनंदा. शेजारी पाटील सर, त्यांचा पाय कायम नसलेल्या ब्रेकवर. मागे शिवलीला मॅडम, माहेर सीमेपलीकडचं, कानडी, त्यामुळे मी त्यांची अक्का. गाडी टर्बो डिझेल, बारा-तेरा वर्षांची, माझ्या पगारातून घेतलेली. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात ते सारखं विसरलं जातं.

*

गेल्या वर्षी गाडीचा दम गेला. चढावर पुढं उसाची ट्रॉली आली की आम्ही तिच्या मागंच. ओव्हरटेक करायची ताकदच नाही.

पाटील सर म्हणाले, "मॅडम, ऱ्हाऊ द्या. शाळेत न्हाय तर कारखान्यात तरी पोचतोय की!"

ही बातमी माझ्या धाकट्या दिरांना, विलासभावजींना कळली. त्यांनी नुकतीच नवी पांढरी गाडी घेतलेली. लगेच हजर!

"वैनी, म्हातारी झाली ती. इकून टाका. शाळंला सोडाय मी हाय की."

म्हणजे मी मागच्या सीटवर बसायचं, त्यांना सवड झाली की निघायचं आणि वर उपकार मानायचे! माझं डोकंच फिरलं.

"भावजी, वयानं मी गाडीपेक्षा मोठी हाय. मला कधी इकताय?"

भावजी चहा न घेताच गेले.

*

जुन्या टर्बो गाडीच्या इंजिनचा कॉम्प्युटर सुधारून घेतला तर ताकद वाढते, असं मी मोबाईलवर वाचलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंडूअण्णांचं गॅरेज आहे. त्यांना विचारलं, तर अण्णा उसळलेच.

"कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाय! म्हाताऱ्याला तालमीत उतरवतायसा व्हय?"

मग त्यांनी बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंजिनला हवा नेणारा रबरी पाइप फाटला होता. तो बदलल्यावर गाडी बरीच सुधारली. अण्णांनी मिशीवर हात फिरवला. "झालं! आता कशाला पायजे कॉम्प्युटर?"

"तरी बी करणार."

"करा! पर ताकद वाढून क्लच घसराय लागला तर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाय!"

"बोंबलणार. आणि तुमच्याच दारात येऊन बोंबलणार!"

*

सांगलीहून एक लॅपटॉपवाला बोलावला. त्यानं गाडीला वायर जोडली आणि मला समजावलं, "मॅडम, स्टेज वन करतो. पार्ट बदलायचे नाहीत, फक्त आतला प्रोग्राम, म्हणजे गाडीचं डोकं. गाडी जुनी आहे, ह्याच्या पुढं जायचं नाही."

पाटील सर बाजूलाच उभे होते. शाळेला उशीर होणार म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना फोन लावला. पाटील सरांचा आवाज मोठा, ऐकायची सवय कमी आणि सांगायची घाई फार.

"सर, सुनंदा मॅडमला उशीर हुईल. स्टेज वन हाय! पर माणूस म्हणतोय, ह्याच्या पुढं जाणार न्हाय!"

आम्ही दुपारी शाळेत पोचलो. गेटवर सगळा स्टाफ उभा! मुख्याध्यापकांच्या हातात शहाळं. टाइमटेबलवरून माझ्याशी अबोला धरलेले गणिताचे सर पुढं आले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मॅडम, हिंमत सोडू नका."

मला वाटलं, गाडीचंच विचारतायत. "छे हो! फार तर क्लच बदलावा लागंल."

मुख्याध्यापकांनी शिवलीला मॅडमना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डोक्यापर्यंत गेलंय काय?"

"अय्यो सर, डोक्यातच हाय की! बाकी अक्काची बॉडी एकदम फस्क्लास!"

माझ्या कॅन्सरचा घोटाळा उलगडला तरी शहाळं मी पिऊन टाकलं. आणलेलं परत कशाला पाठवायचं?

*

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर, तशीच उसाची ट्रॉली. समोरचा रस्ता मोकळा बघून मी पाय दाबला आणि गाडी अशी उचलली की पाटील सरांनी वरचं हँडल धरून अंबाबाईचा धावा सुरू केला. मी शाळेच्या गेटपर्यंत एकटीच हसत होते. इतका आनंद मला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

अण्णा म्हणतात, "ही करामत माझ्या पाइपाची." लॅपटॉपवाला म्हणतो, "माझ्या प्रोग्रामची." दिवाळीआधी क्लच खरंच घसरला. मी ठरल्याप्रमाणे अण्णांच्या दारात जाऊन बोंबलले, आणि त्यांनीही ठरल्याप्रमाणे ऐकून घेतलं नाही. एवढं करून फायदा झाला का, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. गाडीत बसवते.

*

असा बसवलेला एक पावणा विसरता येत नाही.

एका रविवारी भावजी मला न विचारता हातकणंगल्याहून एक गिऱ्हाईक घेऊन आले. फेटेवाले आप्पा, शेतकरी माणूस. भावजी त्यांना सांगत होते, "आमची जुनी गाडी हाय. देऊन टाकायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पावण्यांसमोर बोलले नाही. किल्ली उचलली आणि म्हटलं, "बसा आप्पा, चक्कर मारून येऊ."

भावजी पुढं, आप्पा मागं. गावाबाहेर चढ आला, तशी गाडी सोडली. भावजींचा पाय पाटील सरांच्या ब्रेकवर गेला. "वैनी! हळू! वैनी!"

आप्पांनी एका हातानं फेटा धरला.

परत आल्यावर ते उतरले. त्यांनी बॉनेटवर थाप मारली. भावजींनी घाम पुसत विचारलं, "मग, काय ठरवताय आप्पा?"

आप्पांनी माझ्या हातातल्या किल्लीकडं बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या नव्या पांढऱ्या गाडीकडं बघितलं.

"पावणं, जी इकायची हाय ती दावा की. ती पांढरी तुमचीच न्हवं?"