मागच्या बाकावरचा आवाज

नामा वैती आमदार झाला तो आवाजावर. भाषणावर नव्हे, भाषण त्याला आजही येत नाही. डोंबिवलीच्या खाडीकाठी जुनेबंदर म्हणून एक गाव आहे, जिथे यायला ठाकुर्लीचे रिक्षावाले नाक मुरडतात, तिथला हा कोळी. भरतीच्या वेळी बंदरावरच्या दगडावर उभं राहून त्याने हाक दिली की पलीकडच्या काठाची होडी वळायची. गावात मयत असो, लग्न असो की पाण्याचा टँकर, सांगायला नामाच. पक्षातले दोन मातब्बर तिकिटासाठी एकमेकांचे गळे धरून बसले, तेव्हा वरच्यांनी वैतागून तिसऱ्यालाच तिकीट दिलं. प्रचारात नामाला माईक लागला नाही, एवढीच त्याची पात्रता लोकांना दिसली आणि लोकांना ती पुरली.

सभागृहात त्याला मागचं बाक मिळालं. पहिल्या अधिवेशनात बिचारा पार गांगरून गेला. अध्यक्ष एका दमात कलम, पोटकलम वाचून टाकत आणि शेवटी म्हणत, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." कशाला अनुकूल, हे नामाच्या डोक्यात उतरेपर्यंत पुढचं विधेयक आलेलं असे. न कळणारा तो एकटाच होता असं मात्र समजू नका. बाकीचे तोंडातल्या तोंडात पुटपुटून वेळ मारून नेत आणि नामाला पुटपुटता येत नसे, फरक असला तर एवढाच.

त्यावर तोड काढली प्रफुल्लरावांनी. प्रफुल्लराव पक्षाचे प्रतोद, म्हणजे आपल्या माणसांनी मत कुठे द्यायचं याची राखण करणारे. पुढच्या बाकावर बसून ते कामकाजपत्रिकेची गुंडाळी हातात धरत. गुंडाळी वर गेली की होय, बाकावर आडवी टेकली की नाही. नामाला हे चटकन पटलं, कारण होडीत असंच असतं. सुकाणूवरच्या बापाचा हात वर गेला की जाळं ओढायचं, खाली आला की सोडायचं. का म्हणून विचारत बसलं तर जाळं जातं आणि थोबाडीत बसते ती वेगळी.

तेव्हापासून नामाचं होय सभागृहभर घुमू लागलं. आपले अर्धे सदस्य उपाहारगृहात भजी खात बसले असले तरी प्रफुल्लराव निर्धास्त असत. आवाजी मतदानाचा अंदाज शेवटी कानानेच घेतात. "आमचा नामाशेट एकटा वीस जणांचं काम करतो," असं ते पाहुण्यांना सांगत आणि नामा लाजत असे. हे कौतुक तो घरी येऊन बायकोलाही ऐकवायचा. सरस्वती बाजारात सुकी मासळी विकत असे, नवरा आमदार झाला म्हणून तिने टोपली खाली ठेवली नव्हती.

"पन होय बोललास ता कशाला?" ती विचारायची.

यावर नामा चहा मागायचा.

मग यंदा खाडीकिनारा सुशोभीकरणाचं विधेयक आलं. काठावरच्या मोकळ्या जागा एका नव्या प्राधिकरणाकडे जाणार होत्या, तिथे बाकडी, दिवे आणि सकाळी पळणाऱ्यांसाठी रबरी वाट होणार होती. नामाच्या मुलीने, दक्षताने, ते मोबाईलवरून आईला वाचून दाखवलं. गावात मोकळी जागा एकच होती, बायकांचं मासळी सुकवायचं खळं. आज्यांच्या वेळेपासून तिथे जवळा नि बोंबील सुकत आले होते. खळं गेलं की निम्म्या घरांच्या चुली विझणार, हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नव्हती. बायका नामाच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"तिकरं उठून सांग," सरस्वती म्हणाली. "आमचा खला सोरून बाकीचा काय ता न्या. येवराच सांग."

नामाने प्रफुल्लरावांना गाठलं. ते म्हणाले, "अहो, जरूर. दुरुस्ती सुचवा, सभागृहात मांडा. मंत्रिमहोदय विचार करू म्हणतील, मग तुम्ही ती मागे घ्या. प्रथाच आहे तशी."

"आणि खळं?"

"त्याचाच तर विचार होईल."

नामाने मान डोलावली. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनाशी ठरवलं की मागे घ्यायचं नाही.

विधेयक दुपारी आलं. विरोधी पक्ष भलत्याच विषयावर सभात्याग करून बाहेर घोषणा देत होता आणि आतले पेंगुळले होते. नामा उठला. "मासळी सुकवण्याच्या जागा वगळून" एवढे शब्द कलमात घाला, असं त्याने सांगितलं. वर, आमच्या बायका तिथेच जगतात, असंही सांगितलं. मंत्री म्हणाले, विचार करू. अध्यक्षांनी विचारलं, सदस्य दुरुस्ती मागे घेतात का? "नाय घेत," नामा म्हणाला. मला विचाराल तर त्या सभागृहात त्या दिवशी एवढंच एक वाक्य स्वतःचं म्हणून बोललं गेलं.

दुरुस्ती मताला टाकली. नामाने बेंबीच्या देठापासून होय म्हटलं. नाही म्हणणारे पुष्कळ होते, पण पुटपुटणारे. अध्यक्ष कागदांत मान घालून बसले होते, त्यांनी कानावर विश्वास ठेवला. "होयचे बहुमत दिसते," ते म्हणाले.

नामाला वाटलं, झालं, खळं वाचलं. शेजारच्याने त्याचा हात हातात घेतला आणि नामाचे डोळे भरून आले. तिकडे प्रफुल्लराव धडपडत उठले, ऐकण्यात काही घोटाळा आहे, पुन्हा मतास टाकावे, अशी विनंती त्यांनी केली. अध्यक्षांनी ती मानली आणि सगळं पुन्हा त्याच सुरात वाचलं. नामा डोळे पुसत होता. त्याला वाटलं, पुढचं कलम सुरू झालं. अनुकूल असणाऱ्यांनी होय म्हणायची वेळ कधी आली आणि गेली ते त्याला कळलंही नाही. त्याने मान वर केली तेव्हा प्रफुल्लरावांची गुंडाळी बाकावर आडवी टेकत होती.

"नाही," नामा ओरडला. सवयीने, मनापासून, वीस जणांच्या आवाजात.

या खेपेला अध्यक्षांना कसलीच शंका उरली नाही. प्रफुल्लराव मागे वळून इतक्या प्रेमाने हसले की नामाला काय घडलं ते त्या हसण्यावरूनच कळलं.

संध्याकाळी तो गावात पोचला. बायका खळ्यावर जवळा गोळा करत होत्या. दक्षताच्या मोबाईलवर त्यांनी सगळं पाहिलं होतं. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण त्या जवळा टोपल्यांत भरत राहिल्या.

"तुजा आवाज आयकला," सरस्वती म्हणाली. "पयला पन आयकला, दुसरा पन."

"चुकला गं."

"ता मना कलला. पलीकरच्या आलीतल्या बायकांना अजून कोनी सांगला नाय. जा दगरावर. गावाला नेहमी तूच सांगतंस ना?"

नामा दगडावर चढला. छाती भरून घेतली आणि हाक दिली. खाडीपलीकडची होडी वळवणारा तो आवाज पाठीमागे उभ्या असलेल्या सरस्वतीलासुद्धा नीट ऐकू आला नाही.

"असा नाय," ती म्हणाली. "तिकरं वराडलास तसा वराड."