आडवा ठेवलेला बैल

माझी सून कावीळ होऊन गेली तेव्हा नात चार वर्षांची होती. पोरगी रडली नाही. आईला घरातून नेलं तेव्हा नाही, तेरवीला नाही, नंतरही नाही. भूक लागली, पाणी द्या, एवढंच बोलायची.

सुनेची आई सावनेरला राहते. तेरवीलाच ती म्हणाली, "भाऊ, पोरीले माह्याकडे राहू द्या. लेक तुमचा कंपनीत, घरात बाईमाणूस नाही. हिले पाहणार कोन?"

"मी काय मेलो? माह्या घरची पोरगी माह्या घरीच राहीन."

"बरं. दिवाळीपर्यंत पाहा. नाही रडली, नाही बोलली, तं मी घ्यायले येईन."

अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं, "आबा, रोज अर्धा तास तिच्यासोबत बसा. दोघंच. ती म्हणेल तसं खेळा, शिकवू नका." मला काही ते पटलं नाही. पण दिवाळी जवळ येत होती. संध्याकाळी नळ येऊन गेला की आम्ही दोघं दार लोटून बसू लागलो.

तिच्याजवळ तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं असे बैल सजवून मिरवतात, घरोघरून बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतात. ह्याची शिंगं तिच्या आईनं नेलपॉलिशनं रंगवली होती. नात काय करायची, बैल आडवा निजवायची आणि ओढणीनं झाकायची.

मी उचलून उभा करायचो. "बैल असा नाही निजवत, बाप्पा."

माझं लहानपण पारशिवनीकडे गुरांमागे गेलं. बैल आडवा पडून उठेना झाला की सारं घर धावायचं. शेपूट पिळा, पोटाखाली हात घाला, पण उभा करा. तीच सवय हाताला लागलेली, हात माझं ऐकत नव्हता. ती परत निजवायची, मी परत उभा करायचो. मग ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी मनात म्हणायचो, जिद्दी आहे, माझ्यावर गेली.

एका संध्याकाळी गुडघा असा धरला की मला पुढे सरकता येईना. बैल आडवाच राहिला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, जरा थांबली. मग डब्यातली हळद आणून बैलाच्या कपाळाला लावली. ओढणी तोंडावरून ओढली.

"आबा," ती म्हणाली, "आता तुम्ही चार लोकं व्हा."

मी इतके दिवस कोणाला उभं करत होतो, ते तेव्हा कळलं.

"उचला ना. हळू."

मी उचललं. दारापर्यंत नेलं. मग रोज नेऊ लागलो. त्यानंतर बैल मी कधी उभा केला नाही.

दिवाळीआधी विहीणबाई रिकामी पिशवी घेऊन आली. आम्ही खेळतच होतो.

"थांबा जरा," मी म्हटलं, "आमचा टाइम आहे."

ती उंबऱ्यावर बसली. मी नेहमीसारखा चार लोकं होऊन निघालो. दाराशी पोचलो तशी विहीणबाईला ती हळद दिसली, झाकलेलं तोंड दिसलं. तिनं पदर तोंडात कोंबला. पोरीनं आजीकडे पाहिलं आणि हंबरडाच फोडला. मी जवळ होतो. बैल खाली ठेवून हातही पुढे केले. पोरगी माझ्या बाजूनं निघून आजीच्या कुशीत शिरली.

लागलं मला. खोटं कशाला लिहू? पण ते रडणं मी ऐकत होतो. असं रडायला तिला कोणाची कूस पाहिजे, ते समोर दिसत होतं.

मी पिशवी घेतली आणि तिचे फ्रॉक भरू लागलो.

"भाऊ, मी काही म्हटलं का?"

"तुम्ही नाही म्हटलं. मीच म्हणून राहिलो. घेऊन जा."

आता दुपारच्या एसटीनं मी रोज सावनेरला जातो. लेक म्हणतो, रविवारी रविवारी जात जा. मी ऐकत नाही. परवा विहीणबाईनंही चहा देता देता टोकलं, "काहून रोज हैरान होता, भाऊ? येखांदा दिवस सुट्टी घ्या."

"माह्या मालकिणीले विचारा. देत असंन तं घेतो."

नात दारातच उभी होती. "नाही देत," म्हणाली, आणि चहा संपायच्या आत माझं बोट धरून मला आत घेऊन गेली.