शुक्रवारचा उपास

अमरावतीच्या कापूस बाजारात ते माझ्यासोबत कारकून होते, गोव्याकडचे कॅथलिक. बोलण्याआधी गळ्यातला क्रूस चाचपायचे. माझ्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, म्हणून मी त्यांच्याशी तावातावानं वाद घालायचो. इटलीत पोपचं राज्य गिळलं जातंय, याचं त्यांना घरच्यासारखं दुःख. म्हणायचे, "घराला बाप हवा, तसा जगाला पोप हवा."

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटलेली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव. ही लढाई सरावी असं अख्ख्या बाजारात यांनाच एकट्याला वाटे. त्यासाठी दर शुक्रवारी कडक उपास करत.

आमचे शेटजी डिवचायचे, "पाद्रीबुवा, आमच्या पोटावर काहून उठले? तुमचा पोरगाच मुंबईत कापसाच्या सट्ट्यात हाये ना?"

"आहे. पण तिथं कुणाची तरी पोरं मरतात, शेटजी."

लढाई संपली. भाव कोसळला, त्यांचा मुलगा बुडाला. अमरावतीला येऊन भर बाजारात बापाला म्हणाला, "ऐकलं तुमच्या देवानं तुमचं. आता मला मुलगा म्हणू नका." आणि आल्या दमणीचे बैल वळवून परत गेला. हे क्रूस चाचपत उभे राहिले.

पुढच्या शुक्रवारी मी माझी भाकरी त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या आता. लढाई तर संपली."

त्यांनी ती हळूच परत सरकवली.

"ती पोरं घरी गेली," ते म्हणाले. "माझा कुठं आला?"